पाण्याखालचे डोंगे

दुधराम वलथरे मला पहिल्यांदा दिसला तो छातीभर पाण्यात उभा राहून एक धडधाकट डोंगा बुडवताना. साल १९१९, चैत्र संपत आला होता. जिल्हा कौन्सिलच्या शाळेवर नेमणूक होऊन मी पळसबांधला आलो, त्याचा तो दुसरा दिवस. कोहमाऱ्याहून बैलबंडीने येताना अंग आंबून गेलं होतं, म्हणून सकाळीच तलावावर आंघोळीला गेलो. तर हा माणूस काठावरचे दगड एकेक करून डोंग्यात ठेवत होता आणि डोंगा हळूहळू खाली चालला होता.

"अहो, बुडेल ना तो!" मी ओरडलो.

त्याने मान वळवून मला नीट पाहून घेतलं. "बुडवूनच राहिलो, गुरुजी," तो म्हणाला. "निजवून राहिलो त्याले. मिरगाले उठवीन."

मी गुरुजी आहे हे याला कसं कळलं, असं विचारलं, तर म्हणाला, "इथी टोपी घालून आंघोळीले दुसरं कोन येते?"

मी टोपी काढली. त्याने उरलेले दोन दगड ठेवले, डोंग्याच्या काठावरून पाणी आत गेलं आणि डोंगा शांतपणे तळाशी बसला. मग काठावर येऊन त्याने मला समजावलं. डोंगा म्हणजे मोहाचं एकच खोड, आतून कोरलेलं. आमच्याकडच्या वैशाखात ते कोरडं राहिलं की तडकतं. पाण्याखाली ऊनही लागत नाही, वारंही लागत नाही. म्हणून पाणी ओसरू लागलं की डोंगा दगड भरून बुडवायचा आणि मृगात दगड काढून वर आणायचा. त्याचा हा डोंगा त्याच्या आजाच्या बापाने कोरलेला होता. साल विचारलं, तर त्याला सांगता येईना. "आजाच्या बापाचा," एवढंच. डोंग्याचं वय तो असंच सांगे, कोणाच्या हाताचा आहे त्यावरून.

तेव्हा तो चाळिशीच्या आतबाहेर असेल. अंगाने सडपातळ, पण खांदे रुंद. बोलताना डावा हात नेहमी कशावर तरी ठेवलेला असे, खांबावर, बंडीच्या चाकावर, जे जवळ असेल त्यावर, आणि मधूनच त्यावर बोटाच्या सांध्याने टकटक करून तो कान देई. शाळेतल्या टेबलावरही त्याने अशी टकटक केली होती आणि "याचा मांगचा पाय पोकर हाये गुरुजी, सांभारून" असं सांगितलं होतं. पावसाळ्यात तो पाय मोडला. बापाच्या हाताखाली त्याने सात डोंगे कोरले होते. बाप गेल्यावर पंचक्रोशीत हे काम येणारा तो एकटाच उरला. खोड कोरायचा त्याचा वाकस बापाचाच होता, दांडा झिजून मधोमध अंगठ्याएवढी खळी पडलेली. घरात तो वाकस देवाच्या कोनाड्याखाली ठेवलेला असे.

पळसबांधचा तलाव मालगुजारांचा. काठावर ढिवरांचा टोला, अठरा घरं. मासे, शिंगाडे आणि हिवाळ्यात पोहे-मुरमुरे भाजणं, यावर ती घरं चालत. तलावात जाळं टाकायची मुभा मालगुजारांच्या मर्जीची. थोरले मालक होते तोवर कुणी विचारलं नाही. ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव भैयाजी रहांगडाले मालक झाले. भैयाजी नागपूरला शिकलेले, स्वभावाने खरोखर चांगले, आणि जुन्या वस्तूंचे वेडे. आपले पूर्वज माळव्यातून आले तेव्हा वैनगंगा अशाच डोंग्यांतून ओलांडून आले, असं ते सांगत आणि सांगताना त्यांचे डोळे भरून येत.

१९२८ साली त्यांनी मंडळ काढलं. पाटीवर 'जुन्या नौकांचे मंडळ, पळसबांध' असं होतं. गावात सगळे 'डोंगाक्लब' म्हणत. गोंदियाचे केशोराव वकील चिटणीस झाले. रेल्वेतले एक इंजिनियर साहेब, दोन-तीन राईसमिलवाले आणि त्यांचे पाहुणे असे आठ-दहाजण सभासद. दर रविवारी ही मंडळी चांद्याच्या छोट्या गाडीने सौंदडला उतरत आणि तिथून भैयाजींच्या मोटारीने येत. तलावावर कौलारू शेड बांधली होती. तीत चार होड्या. एक दुधरामच्या आजाच्या बापाचा डोंगा. दुसरा जोडडोंगा, म्हणजे दोन डोंगे शेजारी बांधून वर खाट ठेवलेली, यातून भैयाजींचे आजोबा बदकांच्या शिकारीला जात. तिसरी वैनगंगेच्या एका घाटावरची फळ्यांची जुनी नाव. आणि चौथी कामठीच्या छावणीतून आणलेली पातळ, चकचकीत इंग्रजी होडी. मंडळी चहा घेत, होडीत बसून फोटो काढत आणि कुठली होडी जास्त जुनी यावर दुपारभर भांडत. या सगळ्याची राखण दुधरामकडे आली, कारण दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या हातचं आहे.

मासे धरायचा ठेका मागायला गोंदियाहून एक ठेकेदार भैयाजींकडे फेऱ्या मारू लागला होता. टोल्याचा पंच मनीराम घाबरला. एका रविवारी भैयाजी खुशीत असताना त्याने हात जोडून कागद मागितला. भैयाजींनी मला बोलावलं, माझं अक्षर बरं म्हणून. त्यांनी मजकूर सांगितला: टोल्यातला एक माणूस मंडळाच्या होड्या सांभाळील तोवर टोल्याची मुभा कायम राहील, ठेका दिला जाणार नाही.

मी लेखणी थांबवली. "भैयाजी, 'एक माणूस' कशाला? उद्या कोणीही पुढं येईल आणि या बिचाऱ्याचं काम जाईल. दुधरामचंच नाव घालू या."

"घाला ना," भैयाजी म्हणाले. "देखो वकीलसाहेब, गुरुजींची नजर कशी बारीक आहे!"

मी 'दुधराम वल्द सोमा वलथरे हा स्वतः' असं लिहिलं. दुधरामने अंगठा उठवला. टोल्यात त्या संध्याकाळी गूळ वाटला आणि माझ्या घरी मोठी वाम मासळी आली. मी मासळी खात नाही. तरी ती पाहून मला फार बरं वाटलं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात आजाच्या बापाचा डोंगा तडकला. होड्या कोरड्या, शेडमध्ये, घडवंचीवर राहाव्यात आणि त्यांना कलकत्त्याहून आणलेलं तेल लावावं, असा वकीलसाहेबांचा नियम होता. दुधरामने आधीच सांगितलं होतं, "साहेब, डोंग्याले उन्हाळ्यात निजवा लागते पान्यात."

"म्हणजे बुडू नये म्हणून बुडवायची?" वकीलसाहेब म्हणाले आणि सगळी मंडळी हसली.

पण हातभर तड पडली तेव्हा हसणं थांबलं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून दुधरामला विचारलं, "तेल लावलं नाहीस ना? कागदात काय लिहिलंय, माहीत आहे?"

दुधरामने राळ आणि कापूस भरून तड बुजवली, आणि पुढच्या सोमवारी चारपैकी तीन होड्या दगड भरून बुडवल्या. इंग्रजी होडीला त्याने हात लावला नाही. "हे परदेशी बाई हाये, हिले बुडवाले भेव लागते," म्हणाला. तिच्यावर तो ओली पोती टाकून ठेवी आणि दिवसातून तीनदा भिजवी. शनिवारी सकाळी दगड काढायचे, पाणी उपसायचं, होड्या ओढून शेडमध्ये घ्यायच्या, पुसायच्या, सावलीत वाळू द्यायच्या, वरवर तेलाचा हात फिरवायचा. रविवारी मंडळी येऊन जायची. सोमवारी पुन्हा दगड.

एक जोडडोंगा वर घ्यायला चाळीस-पन्नास दगड काढावे लागत. मी एकदा मोजले होते. पूर्वी वर्षातून एकदा करायचं काम आता चैत्र ते मृग दर आठवड्याला आलं. टोल्यातले लोक ओढायला हात देत, पण दगड रचण्याचं काम तो कोणाला देत नसे. एका बाजूला भार जास्त झाला की खोड पिळतं, म्हणे. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. नव्हतं ते मंडळाला. होड्या पुन्हा कधी तडकल्या नाहीत, आणि दरवर्षीच्या अहवालात केशोराव वकील कलकत्त्याच्या तेलाची तारीफ छापत.

दुधरामची बायको चमेली तोंडाची फटकळ. मुरमुरे द्यायला आमच्या घरी येई तेव्हा म्हणे, "मले चार सवती हायेत गुरुजी. हप्ताभर निजून राहतेत अन् रविवारी नटून बसतेत."

"तुझ्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत, मान दे," मी म्हणायचो.

"मान देऊन राहिली ना. नवराच देल्ला."

हसून बोलायची, पण ते खरं होतं. उन्हाळ्यात दुधरामला मोकळे दिवस मिळत ते मंगळवार ते शुक्रवार. त्यांची एकुलती मुलगी धनवंता वैनगंगेकाठी दिलेली. साकोलीवरून पायी दोन दिवसांची वाट. जायला दोन, यायला दोन. मुलीच्या घरी जेवून, रात्र काढून उजाडताच परत फिरायचं. पावसाळ्यात होड्या पाण्यावर असत, तर त्या बांधून ठेवायला आणि पाणी उपसायला माणूस हवा. हिवाळ्यात मंडळाच्या शर्यती आणि पाहुणे. असं वर्ष संपे.

१९३७ च्या माघात धनवंता स्वतः आली. तिच्या गावच्या घाटावरचा एकमेव डोंगा कुजून गेला होता. पलीकडे बाजार, पलीकडे वैद्य, पलीकडे अर्धी शेती. गावकऱ्यांनी मोठा मोह पाडला होता आणि तो कोरायला दुधरामच हवा होता. खोड ओलं आहे तोवरच कोरलं पाहिजे, वाळलं की वाकस चालत नाही आणि आतून फुटतं. दीड महिन्याचं काम. माहेरच्या ओसरीवर बसून ती म्हणाली, "बाबा, माह्या सासऱ्यानं पंचायतीत उठून सांगतलं, का माहा इवाई दुधराम येईन, तवा दुसरा कोनी पाहू नका."

दुधराम उठून आत गेला. कोनाड्याखालचा वाकस काढून त्याने धुडक्यात गुंडाळला आणि मुलीच्या हातात दिला. "हे घेऊन जाय. दांडा पान्यात ठेवजो, हालला हाये. मी होरीनंतर येतो."

मी तिथेच होतो. बापाचा वाकस आधी पाठवला म्हणजे त्याने शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, टेबलावर टकटक केली आणि म्हणाला, "गुरुजी, मालकाले दीड महिन्याची सुट्टी मांगून द्या. तुमचा शब्द ते आयकतीन. पन निजवाचं सांगजा नोका. नऊ वर्स खोटं बोललो, कागदच फाडतीन."

मी हो म्हटलं.

रविवारी मंडळ बसलं होतं. चहा झाला होता. मी विनंती सांगितली.

"दीड महिना? आणि तोही ऐन उन्हाळ्यात?" केशोराव म्हणाले. "गुरुजी, या होड्या ज्या तकतकीत दिसतात ना, ती याच्या हाताची मालिश आहे. दुसऱ्यानं तेल लावून पाहिलंय का कधी?"

"नवीन डोंगा कोरायला जातोय," भैयाजी जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. "अरे दुधराम, तुझ्या आजाच्या बापाचा इथं आहे, त्याला सोडून?"

दुधराम शेडच्या खांबावर हात ठेवून उभा होता. "मालक, त्या गावाले पल्याड जाले काई नाई."

"मान्य आहे रे, कळतं मला. पण या चौघी तडकल्या तर?"

मला वाटलं, आता खरं सांगितलं तर गाठ सुटेल. तेलाची मालिश ही दुधरामचीच कला आहे असं यांना वाटतं, म्हणून हे अडून बसले आहेत. बुडवून ठेवणं तर टोल्यातला कुठलाही जाणता ढिवर करू शकतो. दुधरामने नको म्हटलं होतं. मी त्याच्याकडे न पाहता सगळं सांगून टाकलं, सोमवारचे दगड, शनिवारचा उपसा, सगळं. "तेव्हा मनीरामसुद्धा हे काम करील," असं म्हणून मी थांबलो.

 मग इंजिनियर साहेब खुर्चीतून उठले आणि हिंदीत म्हणाले, की आमच्याकडे म्हातारे नावाडी लाकडी होडी फुगावी म्हणून पाण्यात बुडवतात, हा माणूस उस्ताद आहे! झालं. भैयाजींनी दुधरामच्या खांद्यावर हात टाकला. "नऊ साल? आम्हाला न सांगता? अरे, हे तर आम्हाला पाहायचं आहे!"

तिथल्या तिथे त्याला एक डोंगा बुडवून दाखवायला सांगितलं. सगळे काठावर उभे राहिले, साहेबांनी फोटो काढले. दुधराम छातीभर पाण्यात दगड रचत होता, माझी त्याची पहिली भेट झाली तेव्हासारखाच. केशोरावांनी वहीत नवा नियम लिहिला: उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी होड्या पाण्यातून काढण्याचा आणि संध्याकाळी पुन्हा निजवण्याचा कार्यक्रम दुधराम पाहुण्यांसमोर करील.

"आणि सुट्टी?" मी विचारलं.

"आता कशी सुट्टी?" भैयाजी प्रेमाने म्हणाले. "रायपूरचे पाहुणे बोलावतो मी."

"मनीराम दाखवील."

"कागदावर नाव कोणाचं आहे, गुरुजी? अक्षर तुमचंच आहे ना?"

"मग कागद बदलू या. दीड महिन्यापुरता."

"बदलू. पण कागद उघडला की सगळाच उघडेल. तो ठेकेदार अजून येतो माझ्याकडे. मी त्याला 'कागद झालाय' एवढंच सांगून परत पाठवतो." धमकी देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे होतं तेच त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी मी टोल्यावर गेलो. मनीराम आणि चार-सहाजण दुधरामच्या अंगणात आधीच बसले होते.

"तू जाय," मनीराम त्याला म्हणत होता. "मी नाई म्हनत नाई. पन कागद उघडू देऊ नोको. अठरा घरं हायेत, दुधराम."

"जाऊ बी, अन् कागद बी उघडू नये? कसा जाऊ, सांग."

 मनीराम खाली मातीत काडीने रेघा ओढत राहिला. चमेली दारातून म्हणाली, "त्याले कायले विचारून राहिले? त्याचे जाळे तलावात हायेत, त्याची पोरगी नाई वैनगंगेवर."

"चूप," दुधराम म्हणाला, पण जोरात नाही.

लोक गेल्यावर मी म्हणालो, "दुधराम, माझं चुकलं. दोन्ही वेळेला."

तो बंडीच्या चाकावर बोटं वाजवत होता. "तुमी मन लावून सांगतलं, गुरुजी. पयले बी मन लावूनच लिवलं होतं." मग म्हणाला, "आता थे मले काऊन सोडतीन? पयले तेलाले ठेवलं होतं, आता मलेच ठेवलं."

होळी झाली. दर बाजाराला वैनगंगेकडून येणारं कोणी ना कोणी निरोप आणी. खोड सावलीत आहे, वर पळसाची पानं टाकली आहेत. मग: टोकाला बारीक चीर दिसते. दुधरामने निरोप पाठवला, टोकाला शेण-माती लिंपा, पाणी मारा. दोन सोमवार तो इथून निघून चार दिवस चालून आला. मधल्या दोन-दोन दिवसांत खोडावर वाकस चालवून बाहेरची साल आणि एक बाजू त्याने काढली होती, एवढंच. शनिवारी रात्री पाय सुजवून परत आला आणि रविवारी सकाळी रायपूरच्या पाहुण्यांसमोर पाण्यात उतरला. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, दुसऱ्या कोणाला शिकव, तो पुढचं करील. "दाखवाले महिना पायजे," तो म्हणाला. "महिना कोठी हाये?"

वैशाख अर्धा झाला तेव्हा निरोप आला, की खोड मधोमध फुटलं. गावकऱ्यांनी त्याची दोन घरांची आढी केली. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरीकडून फळ्यांची नाव आणली. धनवंताच्या सासऱ्याने पंचायतीत काय ऐकून घेतलं ते तिने कधी सांगितलं नाही. ती माहेरी येई, पण वाकस तिने आणला नाही आणि दुधरामने मागितला नाही.

त्यालाही आता दहा वर्षं झाली. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटार बंद पडली. केशोराव वकील वारले. इंजिनियर साहेब बदलून गेले. भैयाजी मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला राहतात. पत्रात ते डोंग्यांची चौकशी करतात आणि "दुधरामला माझा नमस्कार" असं लिहितात. मी १९४१ साली पेन्शन घेतली आणि इथेच घर केलं. तीनदा नागपूरला जाऊन त्यांच्याकडे कागदाचा विषय काढला. तीनही वेळेला त्यांनी मला जेवायला घातलं आणि, आता राज्य बदलणार आहे, मालगुजारीच राहते की नाही पाहू, मग सगळं एकदमच करू, असं सांगितलं. ठेकेदार अजून जिवंत आहे.

रविवारी मालकांचा दिवाणजी छोटेलाल सायकलने येतो. काठावर उभा राहून ओढलेल्या होड्या बोटाने मोजतो, "चारो है" म्हणतो आणि नागपूरला कार्ड टाकतो. पाहुणे नसतात. नियम वहीत आहे म्हणून होड्या सकाळी वर येतात आणि संध्याकाळी खाली जातात. गेल्या रविवारी मी छोटेलालला म्हटलं, "अरे, न काढता मोजलं तर नाही का चालणार?"

"पानी के नीचे का मैं कैसे लिखूं, मास्टरजी?" तो म्हणाला.

चमेली चार वर्षांमागे गेली. दुधराम आता सहासष्ट-सदुसष्ट वर्षांचा आहे. दगड अजून तोच रचतो, ओढायला मनीरामची माणसं येतात. त्याचा वाकस वैनगंगेकाठी धनवंताच्या घरी आहे आणि ती त्याचा दांडा पाण्यात ठेवते.